अकोल्यात भरलेली विलायती कॅसेट

त्या अल्बमचं नाव मी लिहिणार नाही. ज्याला कळायचं त्याला कळेल, आणि ज्याला लगेच कळेल त्या माणसाशी माझं बहुतेक पटणार नाही. विलायतेतल्या चार पोरांनी आपल्या तरण्यापणी एक अल्बम काढला आणि तेव्हापासून जग त्याच्या पाया पडून राहिलं आहे. पोरं म्हातारी झाली, आपसात भांडली, बँड मोडला, पण अल्बम काही मरायला तयार नाही. दर चार-दोन वर्षांनी तो नव्या खोक्यात घालून पुन्हा विकतात. आधी काळी तबकडी होती, मग कॅसेट आली, मग सीडी, मग मोबाइल, आणि आता फिरून तीच काळी तबकडी, फक्त जास्त जाड. घेणारे घेतात. घेतली की मला फोन करतात, ऐकायला ये म्हणतात. मी गुडघे दुखतात म्हणून सांगतो.

मला ऐकायची गरजच नाही. अकोल्यात माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं आणि हा अल्बम मी माझ्या हातानं शेकडो वेळा भरला आहे. त्याची नस न् नस मला ठाऊक आहे. पहिलं गाणं सुरू व्हायला दीड मिनिट लागतं, तोवर नळाला पाणी येण्याआधी तोटी करते तशी नुसती घरघर. दुसऱ्यात तो गाणारा काय म्हणतो ते त्याच्या आईलाही कळलं नसेल. मग एक लांबच लांब गिटार. ती संपली असं वाटून आपण उठायला जावं, तर ती नुसती दम खात असते. यालाच लोक अजरामर म्हणतात. म्हणोत बिचारे.

या अल्बमचे भक्त अकोल्यात आहेत, पण अकोल्याचा माणूस मुळात व्यापारी. सरकी-ढेपेचे भाव पाहून झाले की उरल्या वेळात तो भक्ती करतो. अमरावतीकराचं तसं नाही. त्याला सकाळपासून भक्ती करता येते, आणि वर त्याला ती समजावूनही सांगायची असते. त्या गावाला विद्वत्तेची जुनी खोड आहे. साधं पोहे खायला बसले तरी दोघं बोलतात आणि तिसरा समारोप करतो. मी स्वतः अकोल्याचा असल्यामुळे असं म्हणतो असं अमरावतीकर म्हणतील, तर तेही खरं आहे.

कॅसेट भरून देणं म्हणजे काय, हे आताच्या पोट्ट्यांना समजावून सांगावं लागतं. गिऱ्हाईक कोरी कॅसेट आणायचं किंवा आमच्याकडूनच घ्यायचं, आणि त्याला पाहिजे ती गाणी आम्ही एका डेकवर वाजवून दुसऱ्या डेकवर उतरवून द्यायचो. हे कायद्यात बसतं का, असं तेव्हा कोणी विचारलं नाही आणि आम्हीही होऊन सांगितलं नाही. दुकान टिळक रोडजवळच्या एका बोळात, एक खाट आडवी मावेल एवढं. आत दोन डेक, एक रेकॉर्ड प्लेअर, एक माइक, आणि मी.

वऱ्हाडातल्या गिऱ्हाइकाची एक तऱ्हा होती. त्याला कोरी टेप चालायची नाही. कॅसेट साठ मिनिटांची म्हणजे ती साठ मिनिटं वाजलीच पाहिजे. आता त्या विलायती पोरांनी अल्बम केला पाऊण तासाच्या आतबाहेर. उरलेल्या टेपचं काय? सुरुवातीला मी ती तशीच सोडायचो, तर लोक परत यायचे.

"शेवटी आवाजच नाही येऊन राहिला."

"तिथं कोरी हाय ते."

"कोरी कावून? म्या अख्खी कॅसेट देली होती ना तुले?"

मग आम्ही उरलेल्या जागेत काहीबाही भरू लागलो. कव्वाली, सिनेमाच्या गाण्यांच्या नुसत्या धुना, जे हाताशी असेल ते. एका वकिलाच्या कॅसेटीत तर त्या अल्बमनंतर मी आरत्या भरल्या होत्या. वकील खूष झाला. घरात आता आई पण ऐकते म्हणाला.

हा अल्बम मी कोणीतरी मुंबईहून आणलेल्या तबकडीवरून एकदा नीट उतरवून घेतला. ही माझी मूळ प्रत, पुढच्या सगळ्या कॅसेटी तिच्यावरून भरायच्या. पहिल्या बाजूच्या शेवटी मी बासरी टाकली. दुसऱ्या बाजूला सहा मिनिटं उरली. त्या टेपवर आधी कसलेतरी संवाद होते. ते पुसावे म्हणून मी रेकॉर्डिंगचं बटण दाबून टेप तशीच चालू सोडली. डेकला काही न जोडता रेकॉर्डिंग चालू ठेवलं की मागचं सगळं पुसलं जातं, हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. पण डेकला माइक जोडलेला होता. सकाळी दुसऱ्या कामासाठी खोचला तो मी काढायला विसरलो होतो. आणि त्या माइकासमोर, काउंटरवर, माझी ताई मेथी निवडत बसली होती.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. कृषी विद्यापीठात शिकायची. दुपारी वर्ग सुटला की घरून माझा डबा घेऊन दुकानात यायची आणि मी जेवेपर्यंत बसायची. नुसतं बसणं तिच्या रक्तात नव्हतं, म्हणून येताना भाजी घेऊन यायची. हातात काम असलं की ती ओठ मिटून गुणगुणायची. त्यात शब्द नसायचे आणि ते धड एखादं गाणंही नसायचं. मनात येईल तसा सूर वर जायचा, खाली यायचा, मधेच थांबायचा, कारण तिला जुडीत अळी सापडलेली असायची. त्या दुपारीही ती गुणगुणत होती. मी माझ्या नादात होतो.

आठ-दहा दिवसांनी एक कॉलेजातला पोट्टा आला आणि म्हणाला, "शेवटी ते बाई गुणगुणते ना, लय भारी वाटते बावा." कोणती बाई? मी मूळ प्रत लावून पाहिली. मिनिटभर ऐकलं. ताईचं गुणगुणणं, बांगड्या, डब्याच्या झाकणाचा आवाज. मला हसू आलं. पुसून टाकावं असं मनात आलं, पण पुसलं की तिथं दुसरं काही भरावं लागणार, आणि गिऱ्हाईक तर खूष होतं. मी टेप परत गुंडाळली आणि त्या दिवसापासून सगळ्या कॅसेटी तशाच भरत गेलो. ताईला सांगितलं तर ती म्हणाली, भैताड आहेस तू. आणि हसली.

आता अमरावतीच्या विद्वत्तेचा नमुना ऐका. तिथल्या एका प्राध्यापकानं माझ्याकडून भरलेली कॅसेट ऐकली आणि कुठल्याशा अंकात लेख लिहिला. लेखाचं कात्रण त्यानं स्वतः मला आणून दिलं, मोठ्या प्रेमानं. त्या विलायती बँडवर पूर्वेचा केवढा प्रभाव होता, हे अल्बमच्या शेवटच्या स्त्री-आलापावरून सिद्ध होतं, असं त्यात म्हटलं होतं. त्या आलापामागे घुंगरू आहेत आणि एका ठिकाणी मंदिरातली घंटा आहे. घंटेवर अर्धं पान होतं. ते माझ्या डब्याचं झाकण होतं, आत भेंडी होती. इतकं लिहून झाल्यावर माणसाला कुठं सांगायचं? पण त्या दिवसापासून या अल्बमबद्दल कोणी थोर बोलू लागलं की मला भेंडी आठवते.

त्याच उन्हाळ्यात ताईचं लग्न झालं. घर वरूडचं, संत्र्याच्या बागा, माणसं सालस. तिचं शिक्षणाचं शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. पुढे घरात असं बोललं जायचं की तिलाच अभ्यासाचा कंटाळा आला होता, आणि मीही तेच धरून चाललो. लग्नाला पाच वर्षं झाली, तिनं कावीळ अंगावर काढली आणि त्यात ती गेली. मुलगी तीन वर्षांची होती. भाऊजींनी दुसरं लग्न केलं, त्या बाईनं पोरीला पोटच्यासारखं वाढवलं. कोणाला नावं ठेवावीत असं तिथं काही नाही.

ती भाची आता अकोल्यात शाळेत गणित शिकवते. तिला एक मुलगी आहे, चार वर्षांची. ही चिमुरडी जेवताना ओठ मिटून गुणगुणते. मागच्या दिवाळीत भाऊजींनी ते पाहिलं आणि सहज बोलून गेले, "इची आजी अशीच करे." भाचीला हे माहीतच नव्हतं. आईचे फोटो तिच्याकडे ढीगभर आहेत, पण आई गुणगुणायची हे तिला तिच्या वयाच्या पस्तिशीत कळलं. ती तडक माझ्याकडे आली. माझ्या दुकानात आता झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म असतात.

"मामा, आईचा आवाज कसा होता?"

"चांगला होता," म्हटलं.

"चांगला म्हंजे? बारीक का जाड? माह्यासारखा होता काय?"

खरं सांगतो, मला आठवेना. तिचं चालणं आठवत होतं, बोटांवरचे मेथीचे हिरवे डाग आठवत होते. आवाज गेला होता. आणि माझ्यासमोर उभी असलेली ही बाई, तिला तर तो ऐकल्याचं आठवणंही शक्य नव्हतं. तेव्हा मला ती सहा मिनिटं आठवली, आणि मी तिला सांगून बसलो. सांगायला नको होतं, कारण माझ्याकडे काहीच नव्हतं. दुकान बंद करताना त्या मूळ प्रतीवर मी एका मंडळासाठी लेझीमचे ताल भरून दिले होते. हाताशी तीच होती म्हणून. पण भाचीचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, शोधू. शेकडो भरल्या, एक तरी सापडेलच.

आणि मग ज्यांची मी जन्मभर टर उडवली त्यांच्या दारात मला जावं लागलं. अकोल्यातले भक्त एकेक करून पालथे घातले. एक डॉक्टर, एक कापसाचा दलाल, एक निवृत्त इंजिनिअर. सगळ्यांचं उत्तर एकच. "कॅसेट? ते भंगार कोन ठेवते आता? ओरिजनल आणली ना म्या." आणि मग कौतुकानं ती जाड तबकडी काढून दाखवायची, दोन्ही हातांनी, नवजात पोर धरल्यासारखी. तिच्यावर बोट लागू नये म्हणून जपायचं, आणि जिच्यावर तारुण्य काढलं ती कॅसेट भंगारवाल्याच्या पोत्यात. दलालानं तर मला वरून ऐकवलं, की तुझ्या कॅसेटीत भेसळ होती. होती ना. म्हणून तर आलो होतो.

शेवटी एका रविवारी सकाळी भाचीला घेऊन बसनं अमरावतीला गेलो. तो लेख लिहिणारा प्राध्यापक आता निवृत्त आहे आणि त्याच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी पाच-सहा जण तबकडी ऐकायला जमतात. चपला बाहेर, मोबाइल बाहेर, बोलायचं नाही. मध्ये दारावरची बेल वाजली तर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. आम्ही अख्खी पहिली बाजू मुकाट ऐकली. एक गृहस्थ हवेतल्या हवेत ड्रम वाजवत होते आणि त्यांचा प्रत्येक फटका चुकत होता.

तबकडी उलटायला प्राध्यापक उठले तेव्हा भाचीनं विचारलं, "सर, तुमच्याजवळ ती जुनी कॅसेट आहे का? मामांनी भरलेली?"

"ती अशुद्ध प्रत होती," प्राध्यापक म्हणाले. "शेवटी कुणीतरी काहीतरी मिसळलं होतं."

"तुमीच तर त्याच्यावर लेख लिहिला होता," मी म्हटलं.

"तो अभ्यासाचा एक टप्पा होता. मूळ रेकॉर्ड हाती आल्यावर मी तेवढा भाग स्वतः पुसून टाकला."

एवढं शांतपणे म्हणाले की मला त्यांची ती तबकडी गुडघ्यावर ठेवून मोडावीशी वाटली. भाची खाली पाहू लागली. ज्यांचा ड्रम चुकत होता ते गृहस्थ हसत म्हणाले, "इतवारा बाजारात एक शिलाई मशीनवाले चाचा आहेत, ते अजून कॅसेटच ऐकतात. मागं त्यांना इथं बोलावून रेकॉर्ड ऐकवली, तर म्हणे, हे अधुरं आहे." सगळे हसले. भाचीनं पत्ता विचारून घेतला आणि दुसरी बाजू न ऐकताच आम्ही चपला घातल्या.

चाचांचं दुकान म्हणजे शिलाई मशीनची दुरुस्ती. सगळीकडे चाकं, पट्टे, तेलाचे डबे. चाचा सत्तरीच्या पुढचे, चष्मा दोरीनं बांधलेला. आम्ही अकोल्याचे, कॅसेट भरून द्यायचं दुकान माझंच, एवढं सांगितल्यावर त्यांनी हातातलं मशीन बाजूला सारलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. मग आतून कॅसेट आणली.

"पहिल्या हप्त्यात भरून नेली होती तुमच्याकडून," ते म्हणाले. "भावानं दुबईहून कोरी पाठवली होती. तुमच्याकडच्या त्या लोकल कॅसेटा, त्या तर अर्धा मिनिट आधीच खतम होऊन जात."

हे खरं होतं. आमच्या स्वस्तातल्या कोऱ्या कॅसेटींमध्ये टेप जरा कमीच यायची. कोणाच्या लक्षात यायचं नाही.

"शेवटचं तेवढं ऐकाचं होतं," मी म्हटलं.

"तेवढं नाही ऐकता येत. पुढं पळवली तर तुटन, लय जुनी हाय. शुरू से बसा लागते."

म्हणजे दुसरी बाजू पूर्ण. बसलो. स्टुलावर, तेलाच्या वासात, तीच गिटार, तेच घोगरं गाणं. चाचा मशीनला तेल घालता घालता एका पायानं ताल देत होते आणि तो चुकत नव्हता. भाचीनं मोबाइल रेकॉर्डिंगला लावून टेपजवळ ठेवला होता आणि दोन्ही हात मांडीखाली धरून ती बसली होती, परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी. मी मनातल्या मनात त्या चारही पोरांना शिव्या घातल्या. आपल्याला जे पाहिजे त्याच्या आधी यांची पाऊण घागर प्यायलाच लागावी, हा कुठला न्याय?

मग गिटार संपली. थोडी खरखर. आणि ताई गुणगुणू लागली.

आवाज बारीक नव्हता, जाडही नव्हता. मधला होता, जरासा बसका, सर्दी झाल्यासारखा. ऐकल्याबरोबर मला सगळं आठवलं. भाचीनं तोंडावर हात धरला. बांगड्या वाजत होत्या. ते झाकण वाजलं. सूर वर गेला, मधेच तुटला, पुन्हा खालून निघाला. चाचांनी तेलाची बुदली खाली ठेवली होती. सहा मिनिटं किती लांब असतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि ती संपू नयेत असंही वाटत होतं. भाचीला मिळालं, असं मी मनाशी म्हटलं. आलो ते सार्थकी लागलं. मी उठायच्या बेतात होतो, तर चाचांनी हातानं बस म्हणून खुणावलं.

गुणगुणणं थांबलं होतं. कागद गोळा केल्याचा आवाज आला. आणि ताई बोलली.

"ऐक ना रे. बाबाले तू सांगजो. वरूडचे लोक चांगले हायेत, माह्यं काही म्हननं नाई. पन एक वर्ष थांबा म्हना. माह्यं एकच वर्ष राह्यलं हाय. म्या म्हटलं तर ते ऐकत नाईत, तुह्यं ऐकते ते." मग थोडा वेळ काही नाही. मग, "सांगशीन ना?"

आणि त्यानंतर तिचं बारीकसं, समाधानाचं "हं." टेप संपली आणि बटण खट्कन वर आलं.

मी हे कधी ऐकलं नव्हतं. शेकडो वेळा भरलं, आणि ऐकलं नव्हतं. पहिलं मिनिट ऐकून हसलो होतो आणि टेप गुंडाळली होती. आणि गिऱ्हाइकांच्या स्वस्तातल्या कॅसेटी या बोलण्याआधीच संपायच्या.

चाचा हलक्या आवाजात बोलू लागले. "माह्या घरवालीनं हे लय डाव ऐकलं. दरवेळी म्हणे, त्या पोरीचं काय झालं असन? मी म्हणो, झालं असन ना, भावानं सांगतलं असन, नाहीतर ते 'हं' कायले म्हणती? मंग आमच्या पोरीचं लगन ठरून राह्यलं होतं, तिची बी.एड.ची परीक्षा बाकी होती. घरवाली अडून बसली. पहिले परीक्षा, मंग निकाह. समोरचे लोक थांबले. कोनी मना नाही केलं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमी सांगतलं होतं ना?"

भाचीनं मोबाइल उचलला, रेकॉर्डिंग बंद केलं, नीट जपून ठेवलं आहे ना ते दोनदा पाहिलं. ती रडली नाही. शाळेत चुकलेलं गणित पुन्हा मांडून घेते तसं तिनं मला विचारलं.

"मामा, तू काय म्हटलं होतं तिले?"

"काहीच नाही. मले ऐकूच नाही आलं."

"मंग तिनं 'हं' कावून म्हटलं?"

मी खोटं सांगू शकलो असतो. दुकानात नव्हतो, चहा आणायला गेलो होतो, काहीही. पण मला आता ती दुपार पूर्ण दिसत होती. टेप पुसायला लावून मी काळी तबकडी पुन्हा चढवली होती. कानाला ते पातळ तारेचे, स्पंजवाले हेडफोन. केस मी तेव्हा त्या विलायती पोरांसारखे वाढवले होते, त्यात ते दिसायचेही नाहीत. माझी पाठ ताईकडे होती आणि मी तालावर मान हलवत होतो. तिनं ती मान पाहिली आणि तिचं समाधान झालं. पुढे लग्नाची तारीख धरली गेली तेव्हा तिनं एका शब्दानं मला विचारलं नाही. मी सांगितलं आणि बाबांनी ऐकलं नाही, असं तिनं धरलं असणार.

"कानाले हेडफोन होते," मी म्हटलं. "मान हलवून राहिलो होतो. तिले वाटलं, हो म्हटलं."

भाचीनं मोबाइल पिशवीत ठेवला.

"असं काय ऐकून राहिला होता तू?"

"हाच अल्बम," मी म्हटलं. "लय आवडला होता मले."